आव्यातलं मडकं आणि कॅथोड

‘तर्कसंग्रह’ या न्याय-वैशेषिक दर्शनांच्या ग्रंथाच्या वर्गात ‘पाकज’, म्हणजे आचेने पालटणाऱ्या, गुणांपाशी आलो तेव्हा शास्त्रीबुवांनी एक जुनं भांडण सांगितलं. कच्चं काळपट मडकं आव्यातून तांबडं होऊन निघतं. वैशेषिक म्हणतात, आच आतपर्यंत पोचायची तर मडकं परमाणूंपर्यंत सुटायलाच हवं. परमाणूंचा रंग पालटतो आणि नवं मडकं इतक्या झटकन जुळतं की डोळ्याला कळत नाही. हा पीलुपाक. नैयायिक म्हणतात, असं असतं तर आव्यात वर रचलेली मडकी ढासळली असती. मडक्याला बारीक छिद्रं असतात, त्यांतून आच शिरते आणि अख्खं मडकं भाजतं. हा पिठरपाक. शिवाय बघताच आपण ओळखतो, ‘तेच हे’.

वर्ग पुढे सरकला, मी अडकले. माझं पोट अशाच छिद्रांवर चालतं.

मी घन-ऑक्साइड इंधनघटांच्या, म्हणजे इंधनापासून थेट वीज बनवणाऱ्या घटांच्या, कॅथोडवर काम करते. लँथनम, स्ट्रॉन्शियम, कोबाल्ट आणि लोह यांच्या ऑक्साइडचा हा पातळ थर मुद्दाम सच्छिद्र ठेवतात. लँथनमच्या काही जागी स्ट्रॉन्शियम घातलं की स्फटिकात ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहतात, आणि त्या रिकाम्या जागांतूनच ऑक्सिजनचे आयन सरकतात. पण हजारो तासांच्या आचेत हेच स्ट्रॉन्शियम घर सोडतं. पृष्ठभागावर येऊन ते क्रोमियमशी जुळतं. हे क्रोमियम शेजारच्या स्टीलमधून दमट हवेत उडून त्याच छिद्रांनी आलेलं असतं. नाहीतर स्ट्रॉन्शियम घटातल्या आयन वाहणाऱ्या झिर्कोनियाच्या थरापर्यंत पोचतं आणि आयनांची वाट अडवणारं झिर्कोनेट बनवतं. म्हणून कॅथोड आणि झिर्कोनिया यांच्यामध्ये सेरियाचा थर द्यायचा, स्टीलला मँगनीज-कोबाल्ट ऑक्साइडचा लेप लावायचा, तापमान उतरवायचं. स्ट्रॉन्शियम यानेही थांबत नाही, फक्त सावकाश चालतं.

जर्मनीत युलिशच्या संशोधन केंद्रात २००७ साली सुरू केलेला एक घटसंच ७०० अंश सेल्सिअसला १ लाख तासांहून जास्त चालला. शेवटी तो तोच होता का, असं मी शास्त्रीबुवांना विचारलं.

“ताई, ओळखणारा कोण ते आधी सांगा.”

खरंच. मीटर नैयायिकांच्या बाजूने साक्ष देतो: व्होल्टेज उतरलं, पण काम तेच. सूक्ष्मदर्शकाखाली छेद धरला की वैशेषिक खूश. आणि न्यायमताने तर एक तुकडा गळाला तरी जुना अवयवी, म्हणजे अख्खी वस्तू, संपतो, उरतो तो दुसराच, खंडघट. म्हणजे स्ट्रॉन्शियमचा पहिला कण हलला त्याच दिवशी नैयायिकही हरले! इतकं कडक मोजमाप मला मान्य नाही. तेच असणं हे वस्तूच्या कणांत नसतं, आपण तिच्याकडून मागतो त्या कामात असतं, असं माझं मत.

“मग काम न मागता कपाटात पडलेला तुमचा कॅथोड कोण?” बुवांनी विचारलं.

कपाटातही त्याचं स्ट्रॉन्शियम हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी जुळून कार्बोनेट धरतच असतं. ते मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे आक्षेप आणखी बळकट झाला,” आणि पुढचं सूत्र वाचायला घेतलं.