एकाच्या जाण्याने काय बिघडते?

माझा एक भाचा मूळचा बडोद्याचा. परंतु गेली बरीच वर्षे तो सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात स्थायिक झाला आहे. मुलांना सुट्टी लागताच कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागातील रेडवुडची पुरातन वने पाहावयास जाण्याचे त्याने ठरविले, आणि आपला बेत मला सविस्तर कळविला. ओरिक नावाच्या लहानशा गावाजवळ रेडवुड राष्ट्रीय उद्यानात ‘लेडी बर्ड जॉन्सन’ यांच्या नावाची एक वृक्षराजी आहे. तेथे सुमारे दीड मैलाची एक पाऊलवाट आहे. एका लाकडी पुलावरून ती वनात शिरते आणि वळसा घेऊन पुन्हा त्याच पुलापाशी येते. सकाळच्या धुक्यात निघावयाचे, अंगावर उबदार कपडे घालावयाचे, मुलांच्या चालीने चालावयाचे आणि दुपारच्या आत परतावयाचे, असा हा साधा बेत.

परंतु पत्राच्या शेवटी त्याने एक प्रश्न विचारला होता. त्याच उद्यानात ‘हायपेरियन’ हा जगातील सर्वांत उंच ज्ञात वृक्ष आहे. त्याचा शोध 2006 साली लागला. उंची सुमारे 380 फूट. त्याच्याकडे जाणारी अधिकृत वाट नाही. तरीही लोक झाडोरा तुडवीत तेथे जाऊ लागले, तेव्हा 2022 साली उद्यानाच्या चालकांनी तो भाग बंद केला. नियम मोडणाऱ्यास 5,000 डॉलरपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. “पण मामा,” भाच्याने लिहिले, “जागा कोठे आहे हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. मी काही फांदी तोडणार नाही, की नाव कोरणार नाही. माझ्या एकट्याच्या जाण्याने काय बिघडणार?”

प्रश्न वरवर निरुपद्रवी आहे. म्हणूनच त्याचा विचार करणे अगत्याचे वाटले.

दंडाची गोष्ट आपण बाजूला ठेवू. दंडाच्या भीतीने जे टळते ते शहाणपण असेल, पण ती नीती नव्हे. खरा प्रश्न असा की, पकडले जाण्याचा संभव मुळीच नसता तर जाणे योग्य ठरले असते काय?

या वृक्षाची एक गंमत आहे. तीनशे फुटांहून उंच वाढणाऱ्या आणि दोन हजार वर्षांपर्यंत जगू शकणाऱ्या या महाकायाची मुळे फार खोल जात नाहीत. सामान्यतः सहा ते बारा फूटच; मात्र आडवी ती शंभर फुटांपर्यंत पसरतात आणि शेजारच्या वृक्षांच्या मुळांत गुंततात. म्हणजे ज्या मातीवर आपण पाय देतो तीच त्याची जीवनभूमी. माणसांच्या पायांनी ती माती घट्ट होते. हायपेरियनच्या बुंध्याभोवतीचे नेचे तर पाहणाऱ्यांच्या वर्दळीने नाहीसे झाले. त्यांपैकी एकानेही ‘मी येथील नेचे नष्ट करीन’ असा हेतू मनात धरला नव्हता. प्रत्येकाने एवढेच म्हटले होते की, माझ्या एकट्याच्या जाण्याने काय बिघडणार! जी वाट कोणीही काढली नाही, ती सर्वांनी मिळून काढली.

याच तर्काने याहून मोठा अनर्थ पूर्वी घडला आहे. 1850 च्या सुमारास या किनारपट्टीवर सुमारे 20 लाख एकर पुरातन रेडवुडवन होते. आज त्यातील पाच टक्क्यांच्या आसपास उरले आहे. कुऱ्हाड चालविणारा प्रत्येक जण दुष्ट होता असे नव्हे. समोर अपार अरण्य असताना, एका झाडाने काय कमी होणार, असेच त्याला वाटले असेल. यात्रेकरूचे पाऊल आणि लाकूडतोड्याची कुऱ्हाड यांत महदंतर आहे. परंतु दोघांचा युक्तिवाद मात्र एकच आहे.

मग कोणी वनात जाऊच नये काय? असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. ही वने उरली ती पाहणाऱ्यांमुळेच. 1917 साली तीन विद्वान ती पाहावयास गेले. तोडीचे दृश्य पाहून अस्वस्थ झाले, आणि पुढच्याच वर्षी रेडवुड वाचविण्यासाठी ‘सेव्ह द रेडवुड्स लीग’ ही संस्था स्थापन झाली. ती संस्था देणग्या जमवून वने विकत घेऊ लागली. 1968 साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि 1978 साली त्याचा विस्तार झाला. कोणी पाहिलेच नसते, तर कोणाला हळहळ वाटली असती? प्रेम दर्शनातून उपजते, आणि अमर्याद दर्शन प्रेमविषयालाच जाचक होते, असा हा पेच आहे.

या पेचाचे उत्तर त्या दीड मैलाच्या वाटेतच आहे, असे मला वाटते. देवळात आपण प्रदक्षिणा घालतो तेव्हा जेथून निघालो तेथेच परत येतो. गाभारा मध्ये राहतो. आपण त्याच्या भोवतीने जातो. काही जिंकले नाही, काही हस्तगत केले नाही, तरी दर्शन अपुरे राहिले असे कोणी म्हणत नाही. वनातील फेरीही तशीच असावी. उच्चांक गाठण्यासाठी निघालेल्या माणसास झाड दिसत नाही, आकडा दिसतो. हायपेरियनच्या बुंध्याशी उभे राहिल्यास त्याचा शेंडाही नीट दृष्टीस पडत नाही. तो सर्वांत उंच आहे हे आपण कोणाच्या तरी मोजणीवरूनच मानावयाचे!

आणि म्हणूनच बेत आखणे ही केवळ सोयीची गोष्ट नाही. प्रत्यक्ष त्या वृक्षांच्या सावलीत उभे राहिल्यावर मन ‘आणखी थोडे पुढे’ म्हणू लागते, आणि त्या क्षणी बुद्धी मनाची वकिली करते. मर्यादा घरीच, शांतपणे, ठरवावयाची असते. कोणतेही व्रत संकल्पाने आरंभण्याची आपली रीत आहे, तिचे मर्म हेच. पाणी किती घ्यावयाचे हे बेतात जसे लिहावयाचे, तसेच कोठे जावयाचे नाही हेही.

मी भाच्याला एवढेच कळविले. पंधरा दिवसांनी त्याचे उत्तर आले. ते सारे ठरलेल्या वाटेनेच फिरून आले होते. धाकट्या मुलाने एका बुंध्याला हात लावून विचारले, “बाबा, हे झाड सर्वांत मोठे आहे का?” भाच्याने सांगितले, “नाही.” त्यावर मुलाने हात काढला नाही, तो तसाच बराच वेळ उभा राहिला.