पुस्तक वाचले, मूल वाचले का?

प्रिय पालकहो,

गेल्या महिन्यात मिस्सानंतर एक आई भेटली. "फादर, मुलांना घरी कसे वाढवावे, शिकवावे, यावर एखादे चांगले पुस्तक सांगा." तिचा आठ वर्षांचा मुलगा तिचा हात ओढून काहीतरी सांगू पाहत होता. "थांब रे, फादरांशी बोलतेय ना!" तो गप्प झाला. मीही त्याला विचारले नाही.

मी तिला दोन पुस्तके सुचवली. पहिले, तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान'. ते मराठीतही आहे. एका शाळेने काढून टाकलेली ही मुलगी नव्या शाळेत जाते आणि मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी तिचे बोलणे चार तास ऐकून घेतात. दुसरे, गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न'. त्यातला शिक्षक पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून मुलांना आधी गोष्टी सांगतो.

घरी आल्यावर मात्र मनाला एक प्रश्न लागून राहिला. चांगले पालकत्व म्हणजे काय हे कळणे आणि चांगले पालक होणे, या दोन गोष्टी एकच आहेत का?

रूसो या विचारवंताने १७६२ साली 'एमिल' हा बालशिक्षणावरचा गाजलेला ग्रंथ लिहिला. पण स्वतःची पाचही मुले त्याने अनाथालयात सोडली. हे त्यानेच आत्मचरित्रात कबूल केले आहे. म्हणून त्याचा ग्रंथ खोटा ठरत नाही. पुढच्या अनेक शिक्षकांना त्यातून प्रेरणा मिळाली. खोटा ठरतो तो आपला समज, की कळले म्हणजे झाले.

याउलट संत ऑगस्टीन यांचा शिक्षणावरचा ग्रंथ म्हणजे आपल्या किशोरवयीन मुलाशी, अदेओदातुसशी, केलेला संवाद आहे. त्यात ते म्हणतात की शब्द केवळ खूण करतात. सत्य शिकणाऱ्याला आतूनच उमगते. बाप प्रश्न विचारतो आणि मुलाच्या उत्तराची वाट पाहतो. तो मुलगा पुढे लहान वयातच वारला. त्याच्याबरोबर घालवलेला वेळ तेवढा राहिला.

पालकहो, पुस्तके जरूर वाचा. पण जे पुस्तक तुम्हाला मुलाकडे परत पाठवते, तेच चांगले. मूल बोलू लागले की ते मिटून ठेवा.

पुढच्या रविवारी मी त्या मुलाला जवळ बोलावून विचारले, "त्या दिवशी काय सांगायचे होते रे?"

तो विसरला होता.

आपला,
फादर