बातम्या, राग आणि पसायदान

आजचं चिंतन: गीता, अध्याय 2, श्लोक 62-63.

विषयांचं सतत ध्यान केलं की आसक्ती, आसक्तीतून इच्छा, इच्छेतून क्रोध, क्रोधातून संमोह. मग स्मृती जाते आणि शेवटी बुद्धी. भगवंतांनी अख्खी साखळीच सांगितली आहे. मला ती काल लोकलमध्ये कळली.

सकाळपासून मोबाईलवर राजकारणाच्याच बातम्या बघत होतो. त्यावरून बाबांशी भांडलो आणि रागात फोन कट केला. वैतागून इअरफोन लावले, लतादीदींच्या आवाजातलं पसायदान सुरू केलं. हळूहळू श्वास शांत झाला. पण मनात टोचलं, ही पळवाट तर नाही?

मग शब्दांकडे लक्ष गेलं. संन्याशाची पोरं म्हणून ज्यांना वाळीत टाकलं, ते माऊली ज्ञानेश्वरी पूर्ण करून देवाकडे काय मागतात? दुष्टांचा नाश नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावा आणि त्यांना सत्कर्माची गोडी लागावी, इतकंच. मी मात्र सकाळपासून माणसांचंच वाईट चिंतत होतो.

गाण्याने बातम्या बदलल्या नाहीत. प्रश्न विचारायचेच आहेत, मतदानही करायचंच आहे, पण शुद्धीवर राहून. हरवलेली स्मृती तेवढी परत आली: फोनवर पलीकडे बाबा होते, विरोधी पक्ष नव्हता.

दादरला उतरलो आणि आधी त्यांना फोन लावला.

उद्या करून बघा, बातम्या उघडण्याआधी एक अभंग ऐका.