मचाणावरील व्याध आणि हरिणीस दिलेले अभय

॥ ॐ नमः शिवाय ॥

भाविकहो, माघ वद्य चतुर्दशी म्हणजे महाशिवरात्र. या पुण्यपर्वावर गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी वसलेल्या मार्कंडादेव येथे मोठी यात्रा भरते. चंद्रपुरात श्री अचलेश्वराच्या दर्शनासाठी भाविकांची रीघ लागते. या दिवशी शिवमंदिरांतून आणि घरांतून व्याधाची कथा श्रद्धेने वाचली जाते. शिवपुराणातील कोटिरुद्रसंहितेत ती आहे. श्रीधरस्वामींनी इ. स. १७१८ मध्ये पूर्ण केलेल्या शिवलीलामृताच्या दुसऱ्या अध्यायामुळे ती मराठी माणसाच्या घरोघरी पोहोचली. अन्य प्रांतीच्या श्रोत्यास या कथेतील अरण्य, पाणवठा व वृक्ष कल्पनेने उभे करावे लागतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात मात्र ते सारे आजही डोळ्यांसमोर आहे.

शिवपुराणात या व्याधाचे नाव गुरुद्रुह असे आहे. घरी वृद्ध आईवडील, पत्नी आणि मुले उपाशी होती. दिवसभर रान धुंडूनही त्यास काही मिळाले नाही. रिकाम्या हाताने घरी जाणे त्याच्या जिवावर आले. सायंकाळी तो एका जलाशयाकाठी आला. तहानेलेला प्राणी पाण्यावर येणारच, हे ओळखून पिण्यापुरते पाणी सोबत घेऊन तो काठावरील बिल्ववृक्षावर चढून बसला. वृक्षाच्या तळाशी शिवलिंग होते. त्यास ते ठाऊक नव्हते.

मचाणावर बसणाऱ्याची सारी विद्या एका गोष्टीत आहे. आपण येथे आहोत हे हरिणास कळू न देणे, ही ती विद्या. चितळ असो, सांबर असो वा भेकर, ते पाण्यावर सरळ येत नाही. झाडीच्या कडेला थांबते, नाक उंचावून वारा घेते, कान फिरवते, शंका आल्यास पुढचा पाय भुईवर आपटते. उंचावर बसलेल्याचा वास पुष्कळदा वाऱ्यावर वरच्यावर निघून जातो. परंतु रात्र चढली की थंड हवा उताराने पाण्याकडे सरकते व माणसाचा वास खाली नेते. पान पडल्याने चितळ बिचकतेच असे नाही. वानरे झाडावरून पाला व फळे टाकतात आणि चितळे ती खाली वेचतात, हा वनातील नित्याचा सहवास आहे. हरिण बिचकते ते हात हलल्याने, फांदी करकरल्याने, धनुष्याची दोरी ताणल्याच्या आवाजाने. एक चितळ ओरडले की सारा कळप सावध होतो आणि शिकाऱ्याची रात्र वाया जाते.

गुरुद्रुहाची विद्या नेमकी येथेच फसली. पहिल्या प्रहरी हरिणी आली. त्याने बाण जोडला, त्या हालचालीने सोबतचे पाणी सांडले, बेलाची पाने गळली आणि लिंगावर पडली. प्रथम प्रहराची पूजा घडली ती अशी. आवाजाने हरिणीने वर पाहिले. ती म्हणाली, मुलांना बहिणीच्या वा पतीच्या स्वाधीन करून मी परत येते. व्याधास प्रथम विश्वास वाटला नाही, तरी अखेर त्याने तिला जाऊ दिले. दुसऱ्या प्रहरी तिची बहीण आली, तिसऱ्या प्रहरी हरिण आला. प्रत्येक वेळी पाणी व बिल्वदले पडली, प्रत्येकाने शब्द दिला. चौथ्या प्रहरी तिघेही परतले आणि त्यांच्यामागून पाडसेही आली. त्यांना पाहून व्याधाने धनुष्य खाली ठेवले. श्रीशंकर प्रसन्न झाले. त्यांनी त्यास गुह हे नाव दिले व प्रभू रामचंद्रांच्या मैत्रीचा वर दिला.

भाविकहो, येथे थोडे थांबून विचार करावा. व्याध लपलेला होता तोवर हरिणी त्याच्या लेखी केवळ मांस होती. आवाज झाला, तिने वर पाहिले आणि ती पाडसांची आई झाली. आपल्याप्रमाणे तिच्याही घरी कोणी वाट पाहत आहे, हे व्याधास उमगले. ज्या चुकीने शिकार हुकली, त्याच चुकीने त्याचा उद्धार झाला. भोळ्या शंकराने त्याच्या पूजेतील उणीव पाहिली नाही. त्याने उतरविलेले धनुष्य पाहिले.

पूर्व विदर्भातील शेतकऱ्यास मचाण नवे नाही. धान पिकू लागले की तोही उंच मचाणावर रात्री काढतो. त्यास जागल म्हणतात. जागल करणारा आरोळी देतो, डबा वाजवितो, हरणे व डुकरे पळवून लावतो. त्याच्या घरचे वर्षाचे अन्न त्यावर अवलंबून असते. त्यात दोष नाही. भिऊन पळालेला प्राणी जिवंत राहतो. परंतु कुंपणाच्या तारेत वीज सोडणे किंवा पाणवाटेवर फास लावणे ही जागल नव्हे. त्या तारेस हरिण, वाघ वा शेजारचा माणूस, यांतील भेद कळत नाही. मार्कंडेयाच्या गळ्यातील यमाचा पाश ज्या महादेवाने दूर केला, त्याच्या भक्ताने मुक्या जिवासाठी फास विणावा काय?

आज मचाणावर बसणारे आणखी एक आहेत. ताडोबा हे राज्यातील पहिले राष्ट्रीय उद्यान. ते १९५५ साली झाले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे धनुष्यबाणाने असो वा बंदुकीने, हरणाची शिकार हा गुन्हा आहे. वैशाखी पौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्यांवरील मचाणांवर वनकर्मचारी व निसर्गप्रेमी रात्रभर बसतात आणि पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करतात. तेही वाऱ्याची दिशा पाहतात, अत्तर टाळतात, कुजबुजतही नाहीत. बाहेरून पाहता हे आचरण व्याधाचेच आहे. तोही हरिणास बिचकू देत नव्हता, हेही देत नाहीत. भेद हेतूचा आहे. मारण्यासाठी धरलेली स्तब्धता पाप होते. निर्भयपणे पाणी पिऊ देण्यासाठी धरलेली तीच स्तब्धता अभयदान होते.

अभयदानासोबत अन्नदानाचेही स्मरण ठेवावे. व्याधाची मुले खरोखर उपाशी होती, हे कथा लपवीत नाही. उपाशी घरास केवळ दयेचा उपदेश करणे सोपे आहे. वनप्रदेशातील गरजू कुटुंबाच्या चुलीवर अन्न शिजावे, म्हणून दिलेला मूठभर तांदूळही त्या धनुष्याचा ताण सैल करतो. दानशूर भक्तांनी दोन्ही दाने एकाच व्रताची अंगे मानावीत.

यात्रेकरूंनी वनमार्गाने येताना वाहन सावकाश चालवावे, भोंगा वाजवू नये, वानरांना खाऊ टाकू नये, पाणवठ्याजवळ थांबून गलका करू नये, प्लास्टिक मागे ठेवू नये. नामस्मरण मनातल्या मनात केले तरी ते महादेवास पोहोचते.

महाशिवरात्रीच्या संध्याकाळी आकाशाकडे पाहावे. मृगनक्षत्र उंच आलेले असते. त्याच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण रुतलेला दिसतो आणि त्याच रेषेत खाली व्याधाचा तेजस्वी तारा झळकतो. आकाशातील बाण सुटलेला आहे. शिवरात्रीच्या कथेतील बाण मात्र चारही प्रहर सुटला नाही. जागरण करणाऱ्याने त्या न सुटलेल्या बाणाचे चिंतन करावे.

॥ हर हर महादेव ॥