उंची भागिले पाया

सायखेड्याला पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार आहे. तिथे कांद्याचा लिलाव झाला की ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर खाली करायला जाते. फाळका काढतात आणि जॅक ट्रॉलीचे पुढचे तोंड उचलू लागतो. फाळक्याजवळचे थोडे कांदे लगेच ओघळतात, आणि मग बराच वेळ काहीच होत नाही. तळ तिरपा होत जातो, ढीग जागचा हलत नाही. तळ आणखी जेमतेम एखादा अंश वर जातो आणि उरलेला सगळा माल एकदम निघतो. ढीग सुटला त्या क्षणी तळाला जो उतार होता, त्यातच कांदा आणि पत्रा यांच्यामधला घर्षण गुणांक दडलेला आहे. मुलांना तो सूत्र म्हणून पाठ असतो. उतार म्हणून पाहायला मिळत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

कारण तो मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. एक सरळ फळी, फूटपट्टी आणि गवंड्याचा ओळंबा पुरतो. फळीवर वस्तू ठेवायची, एक टोक जमिनीला टेकवून दुसरे सावकाश उचलायचे. वस्तू सुटली की हात थांबवायचा. वरच्या टोकापासून ओळंबा सोडला की फळीची उंची कळते आणि जमिनीवरचा बिंदूही सापडतो. त्या बिंदूपासून टेकवलेल्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे पाया. पाया ९० सेंटिमीटर आणि उंची ३६ भरली, तर ३६ भागिले ९०, म्हणजे ०.४. झाला गुणांक. कोनमापकाने पाहिले तर हाच उतार साधारण २२ अंशांचा भरेल, पण अंशांची गरजच नाही.

यात वजन कुठे गेले? वस्तूचे वजन तिरप्या फळीवर दोन कामे करते. एक भाग तिला उताराच्या दिशेने ओढतो, दुसरा फळीवर दाबून धरतो. दाब जितका, त्याच्या ठरावीक पटीइतकेच घर्षण धरून ठेवू शकते, आणि ती पट म्हणजेच गुणांक. फळी उचलत जावी तशी ओढ वाढते, दाब घटतो. ओढ भागिले दाब हे गुणोत्तर गुणांकाला गाठते त्या क्षणी वस्तू सुटते, आणि हे गुणोत्तर नेमके उंची भागिले पायाइतकेच असते. वजन दोन्हीकडे आहे, म्हणून ते कटते. मूठभर कांदे आणि वीस-पंचवीस क्विंटलची ट्रॉली यांना हिशेबाने एकच उतार लागायला हवा. ट्रॉलीच्या बाजूही कांद्याला धरून ठेवतात, म्हणून तिथे तो थोडा जास्त भरतो.

कांद्याच्या बाबतीत एक अडचण येते. एकटा कांदा फळीवर ठेवला तर तो घसरायच्या आधी गडगडतो, आणि गडगडण्याचा उतार हा घसरण्याचा उतार नव्हे. उपाय सोपा आहे: तीन कांदे बांबूच्या काड्यांनी एकमेकांत त्रिकोणात अडकवायचे. मग कोणालाच लोळता येत नाही, तिघांना मिळून घसरावेच लागते. आता फळीवर आधी पत्रा ठोकून पाहा, मग गोणपाट ताणून बसवा, मग प्लायवूड. कांदे तेच, पण आकडा दर वेळी वेगळा येईल.

मला जे सांगायचे आहे ते इथे आहे. ‘कांद्याचा घर्षण गुणांक’ अशी वस्तूच नाही. गुणांक कांद्याचा नसतो आणि पत्र्याचाही नसतो. तो त्या जोडीचा असतो, आणि जोडी ज्या अवस्थेत भेटली त्या अवस्थेचा असतो. आपण फरशीला गुळगुळीत म्हणतो, टायरला खरखरीत म्हणतो, जणू तो गुण त्या एकट्या वस्तूत आहे. फळी ही समजूत मोडते. उन्हाळ कांद्याचा वाळलेला पापुद्रा पत्र्यावर एक आकडा देतो. तोच पापुद्रा सुटून कांदा आणि पत्रा यांच्या मध्ये अडकला तर घसरण होते ती पापुद्र्यावर, आणि आकडा बदलतो. पाऊस लागलेला पत्रा, गंजलेला पत्रा, नवा रंगवलेला पत्रा या तीन वेगळ्या जोड्या आहेत.

वस्तूचे टेकलेले क्षेत्रफळ मात्र, कठीण पदार्थांत तरी, जवळजवळ मोजावे लागत नाही. फ्रान्सच्या आमोंताँने १६९९ साली हे मांडले तेव्हा ते अनेकांना पटले नाही. वीट आडवी ठेवा की उभी, घर्षण तेवढेच कसे? त्याचा उलगडा विसाव्या शतकात केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांनी केला. दोन पृष्ठे दिसायला सपाट असली तरी खरोखर टेकतात ती थोड्याशा उंचवट्यांवर. वजन वाढले की ते उंचवटे चेपतात आणि खरा स्पर्श वजनाच्याच प्रमाणात वाढतो. वीट उभी केली तर टेकण्याची जागा कमी होते, पण प्रत्येक उंचवट्यावर भार वाढतो, बेरीज तीच.

फ्रेंच अभियंता कूलाँने रोशफोर्टच्या जहाजगोदीत लाकूड, लोखंड, दोर यांचे घर्षण चिकाटीने मोजले. लाकडावर लाकूड जितका वेळ टेकून राहील तितके ते सुटायला जड जाते, असे त्याला आढळले. म्हणजे जोडीच्या अवस्थेत काळही आला. सुटल्यानंतरचे घर्षण सुटण्याआधीच्यापेक्षा बहुधा कमी असते, हेही फळी दाखवते: उतार थोडा कमी ठेवून फळीला हलकी टिचकी मारा. ज्या उतारावर वस्तू टिचकीनंतर एकसारख्या वेगाने सरकत राहते, तो घसरतानाचा गुणांक. ट्रॉलीतला ढीग इतका वेळ दम धरतो आणि मग थांबत नाही, तो या दोन आकड्यांतल्या फरकामुळे.

जोडीची अवस्था बदलणे रस्त्यावर जिवावर बेतते. गोदावरीला २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा सायखेडा आणि चांदोरीत पाणी शिरले. पूर ओसरला की मागे गाळ राहतो. टायर तेच, डांबर तेच, पण आता दोघांच्या मध्ये चिखलाचा थर आहे आणि जोडी मोडली आहे. कोरड्या रस्त्यावर गुणांक ०.७ धरला, तर ताशी ४० किलोमीटरवरची गाडी ब्रेक लागल्यावर साधारण ९ मीटरवर थांबते. गाळावर तो ०.२ वर आला तर तिला ३१ मीटरहून जास्त लागतात. यातही वजन कटते, त्यामुळे माल भरलेल्या गाडीची पकड जास्त म्हणून ती लवकर थांबेल, हा हिशेब चुकतो.

तक्त्यात छापलेले आकडे म्हणूनच मी बेताने वापरतो. ‘लाकडावर लाकूड ०.२५ ते ०.५’ असे छापलेले असते, आणि ही दुपटीची तफावत म्हणजे मोजणाऱ्याचा निष्काळजीपणा नव्हे; कोणते लाकूड, कोणत्या रेषेत, किती ओले, हे त्या एका ओळीत मावत नाही. घरी फळीवर मोजाल तेव्हा एकच आकडा लिहू नका. तीच जोडी पुन्हापुन्हा घसरवा, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा दोन्ही टिपा, आणि शेजारी पत्रा कोरडा होता की दमट, कांदा चाळीतला होता की शेतातून नुकताच आणलेला, हेही लिहा.