ताग, तळे आणि विटाळ

जपानमधील शिंतो देवस्थानांत पुरोहित उपासकांच्या मस्तकावरून एक छडी हलवतो: आधी डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. छडीला कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या किंवा भांगेच्या झाडाचा सोललेला वाख बांधलेला असतो. त्या वाखाने विटाळ झाडला जातो, अशी श्रद्धा. सम्राट नारुहितो यांच्या 2019 मधील राज्यारोहण-विधीसाठी तोकुशिमाहून याच धाग्याचे खास कापड विणून नेण्यात आले होते.

हे वाचताना आम्हांला महाड आठवले. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात जानवे कशाचे असावे ते सांगितले आहे: ब्राह्मणाचे कापसाचे, क्षत्रियाचे शणाचे, म्हणजे तागाचे, वैश्याचे लोकरीचे. आपला ताग आणि जपानची भांग ही झाडे निराळी. पण साध्या वाखाला पावित्र्य बहाल करण्याची रीत तीच. शूद्राच्या वाट्याला मात्र कोणताच धागा नाही. त्याच्याही पलीकडे ज्यांना लोटले, त्यांना पाणीदेखील नाही.

चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत, परधर्मीयांना मज्जाव नव्हता. महाड नगरपालिकेने 1924 साली ते सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर सवर्णांनी पंचगव्याच्या 108 घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. शेणगोमूत्र मिसळलेले पाणी निर्मळ, आणि माणसाचा हात लागलेले ओवळे! त्याच वर्षी 25 डिसेंबरला, आपल्या नाताळच्या दिवशी, महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. तळ्याच्या पाण्यावरील हक्क उच्च न्यायालयात मान्य व्हायला मात्र 1937 साल उजाडले.

मग दोष शुद्धीच्या विधीचाच का? असे आम्हांला सहजासहजी म्हणवत नाही. पास्काच्या रात्री धर्मगुरूंनी शिंपडलेले पाणी आपण मस्तकी घेतोच, आणि त्या थेंबांनी मन हलके होते, हा अनुभव खोटा नव्हे. पण शुद्धी करायची तर आधी कोणाला तरी अशुद्ध ठरवावे लागते. तो कोण, स्वतः की शेजारी? त्याच जपानमध्ये मेलेली जनावरे ओढणाऱ्या, कातडी कमावणाऱ्या लोकांना 1871 पर्यंत कायद्यानेच समाजाबाहेर ठेवले होते. देवस्थानात छडी हलत होती. त्यांच्यावरचा विटाळ काही झडला नाही.

जपान दूर राहिला. तामिळनाडूतील काही ख्रिस्ती दफनभूमींत दलित बांधवांच्या कबरी वेगळ्या राखण्यासाठी मध्ये भिंत घातली गेली. ती घालणारेही आपल्यासारखेच, ख्रिस्तमंदिराच्या दाराशी पवित्र पाण्यात बोटे बुडवून, क्रुसाची खूण करूनच आत जात होते.