जिचं पान मांडलं नाही

बारामतीच्या एमआयडीसीत दिवाळीआधीचे पंधरा दिवस ओव्हरटाइमचे असतात. मी एका कारखान्यात शिलाईच्या लाइनवर सुपरवायझर आहे. माझ्या लाइनवर चाळीस मुली, कुणी रुईची, कुणी कटफळची, कुणी इंदापूर तालुक्यातून पहाटेच्या बसनं येणारी. मशीनच्या आवाजात दिवसभर बोलता येत नाही, म्हणून जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की साठलेलं सगळं बाहेर येतं. २०२४ च्या ऑक्टोबरात विषय एकच होता. 'भूलभुलैया ३' दिवाळीत, १ नोव्हेंबरला लागणार होता. तो बघायला जायचं का, आणि सणासुदीला भुताचा सिनेमा बघितलेला चालतो का?

एकीच्या आईनं साफ नाही म्हटलं होतं. लक्ष्मी घरात यायची वेळ आणि तू पैसे मोजून भूत बघायला जाणार! तिनं मला विचारलं, "ताई, खरंच काही लागतं का हो?" माझ्या वडिलांची वारी होती, घरात ज्ञानेश्वरीचं पारायण असतं, म्हणून असले प्रश्न माझ्याकडंच येतात. तेवढ्यात सुट्टी संपल्याची बेल झाली. मी म्हटलं, "काही लागत नाही, जा." पण मला ते उत्तर अपुरं वाटलं. त्याच्या मागं माझ्या घरातली एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय ते पुरं होत नाही.

त्याच आठवड्यात हिंजवडीला नोकरी करणारी भाची आली. तिच्या ऑफिसात हॅलोविन साजरा झाला होता. तोंडाला पांढरा रंग, डोळ्यांभोवती काजळी, असा फोटो तिनं आधीच पाठवला होता. नरकचतुर्दशीला पहाटे तिला पाटावर बसवून मी उटणं लावलं, तर कानामागचा काळा रंग तसाच राहिलेला. बोटानं घासून काढला. त्या दिवशी तारीख होती ३१ ऑक्टोबर, म्हणजे खुद्द हॅलोविनची. वहिनी म्हणाल्या, "ही परक्यांची थेरं आपल्या घरात कशाला?"

मला ते परकं वाटलं नाही. ख्रिस्ती लोकांत १ नोव्हेंबर हा सगळ्या संतांचा दिवस, २ नोव्हेंबर सगळ्या मृतांच्या स्मरणाचा, आणि हॅलोविन ही संतांच्या दिवसाची आदली रात्र. आयर्लंडमधले लोक त्या रात्री कंद कोरून त्यात दिवा ठेवत. तेच लोक अमेरिकेत गेल्यावर कंदाच्या जागी लाल भोपळा आला. लाल भोपळा तर आमच्या म्हाळाच्या पानावरही असतो, गवार आणि कारल्याच्या शेजारी. आणि त्या वर्षी २ नोव्हेंबरला आपल्याकडं पाडवा होता. पाताळात दडपलेला बळीराजा वर्षातून एकदा वर येतो, त्याचं राज्य यावं म्हणून बायका ओवाळतात, तो दिवस.

आपलं हे मृतांचं खातं भाद्रपदाच्या वद्य पक्षात उघडतं आणि दिवाळीपर्यंत मिटत नाही. धनत्रयोदशीला दक्षिणेकडं तोंड करून यमासाठी कणकेचा दिवा लावतो, तो त्याच खात्यातला. म्हाळात कुणाला कुठला दिवस हेही ठरलेलं आहे. ज्याची जी तिथी त्याला ती. नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णीला अविधवा नवमी. हत्यारानं, अपघातानं गेलेल्याला चतुर्दशी. तिथी ठाऊक नसेल त्याला सर्वपित्री अमावास्या. ज्यांनी हे बसवलं त्यांनी माणसांचा बारीक विचार केला होता असं मी मानते. मला अडतं ते एकाच ठिकाणी. दात यायच्या आधी गेलेल्या मुलाचं श्राद्ध होत नाही. त्याला जाळत नाहीत, पुरतात, आणि त्याच्या नावाचं पान मांडत नाहीत. ते निष्पाप गेलं, त्याला काही लागत नाही, असं समजावतात. एखाद्या आईला तेवढ्यानं धीर येतही असेल.

माझ्या आधी माझ्या आईला एक मुलगी झाली होती. माझं माहेर लासुर्ण्याजवळ, चारी बाजूंनी ऊस आणि मधोमध घर. ती नऊ दिवस जगली. बारसं बाराव्या दिवशी असतं, म्हणून तिला नावही नाही. पाटाच्या कडेला बांधावर पुरली. नंतर त्या बांधाचं नाव निघालं. तिथं तिन्हीसांजेला लहान मूल रडतं, तिथं बाधतं. आम्हा भावंडांना तिकडं फिरकू देत नसत. गडीमाणसंसुद्धा रात्रीचं पाणी धरायला त्या बाजूला दोघं मिळून जात. माझी आई मात्र कधीच गेली नाही, भर दुपारीही नाही. मला वाटायचं आई भुताला भिते. मी लग्नाची झाले तेव्हा आजी अंथरुणाला खिळलेली होती. माझ्याकडून पाय चेपून घेताना ती एकदाच बोलली, "तिला दूध पाजू दिलं नव्हतं." पुढं काही नाही. मीही विचारलं नाही.

कुणी ठरवलं, कुणी गप्प बसलं, हे मी लिहिणार नाही. ती माणसं आता नाहीत. आमचंच घर तसं होतं असंही नाही. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ९१३ मुली होत्या, २०११ ला ८९४ उरल्या. ज्या बीडहून दर हंगामाला आमच्या भागात ऊसतोडीचे कोयते येतात त्या जिल्ह्यात तर ८०७. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा १९९४ चा आहे. पूर्वी जे बाळंतिणीच्या खोलीत व्हायचं ते नंतर मशीनवर बघून व्हायला लागलं, एवढाच फरक.

२०१७ च्या जुलैमध्ये आईला गुडघे दाखवायला पुण्याला नेलं होतं. आषाढी होऊन दहा-बारा दिवस झाले होते. दवाखान्याचं काम लवकर उरकलं आणि 'लपाछपी' नावाचा मराठी सिनेमा नुकताच लागलेला होता. मला भीतीचं वेड लहानपणापासून, वाचनालयातून नारायण धारपांची पुस्तकं आणून चोरून वाचायची. आईला सांगितलं पूजा सावंतचा सिनेमा आहे, चल. तिला काही कल्पना नव्हती. विशाल फुरियांनी काढलेला हा सिनेमा. आठ महिन्यांची गरोदर बाई नवऱ्याबरोबर लपायला म्हणून उसातल्या एका घरात येते. उषा नाईक त्या घरची बाई. दिसायला मायाळू, आल्यागेल्याचं करणारी. बाहेर नजर जाईल तिथवर ऊस, आणि उसात खेळणारी मुलं. हळूहळू कळतं की भूत कोण आणि घरातली माणसं कोण. त्या घरात मुली मारल्या गेल्या आहेत.

ऊस पडद्यावर आला तेव्हा आईनं माझं मनगट धरलं ते सिनेमा संपेपर्यंत सोडलं नाही. उसाची पाती एकमेकांवर घासल्याचा आवाज शहरातल्या माणसाला बनवलेला वाटेल, आम्ही तो आवाज ऐकत झोपलेली माणसं. मागच्या रांगेत एक तान्हं मूल रडायला लागलं. एरवी लोक त्रासून बघतात, बाहेर न्या म्हणतात. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. त्याची आई तिथंच अंधारात त्याला पदराखाली घेऊन बसली आणि ते शांत झालं. माझी आई मान वळवून पडद्याकडं नव्हे, तिच्याकडं बघत होती.

दिवे लागले, लोक उठले. आई बसूनच होती. मग म्हणाली, "ती कुणाला त्रास द्यायची नाही. ती तशी नव्हती."

नऊ दिवसांच्या मुलीचा स्वभाव सांगत होती माझी आई. पन्नास-बावन्न वर्षांत पहिल्यांदा.

तेव्हा मला कळलं की ती भुताला भीत नव्हती. ती बांधावर जात नव्हती, कारण तिथं गेलं की आपली मुलगी आहे हे कबूल करावं लागलं असतं. गावानं त्या मुलीचं भूत केलं, कारण भुताला टाळता येतं. मुलीला टाळता येत नाही.

उपनिषदातली एक कथा मी वडिलांच्या बरोबर प्रवचनात ऐकली होती. बृहदारण्यकातली आहे. सगळ्यात आधी तो, आत्मा, एकटाच होता. त्यानं भोवती पाहिलं, दुसरं कुणी नव्हतं, आणि तो भ्याला. मग त्यानं विचार केला, माझ्याशिवाय इथं कुणी नाहीच, तर मी कुणाला भितो? आणि भीती गेली, कारण भीती दुसऱ्यापासूनच होते. हे लहानपणी मला तत्त्वज्ञान वाटलं होतं, कळलं मात्र आईशेजारी थिएटरात बसून. समोरचं परकं वाटतं तोवर भीती. ओळख पटली की भीती जाते आणि दुःख उरतं, आणि दुःखाचं काहीतरी करता येतं. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी अभयानं सुरू होते. डोळे मिटून घेणाऱ्याला ते अभय मिळत नाही, अशी माझी समजूत आहे.

'तुंबाड' हा सिनेमाही तेच सांगतो. १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा लागला आणि चार-पाच दिवसांत पितृपंधरवडा सुरू झाला. लाइनवरच्या मुलींबरोबर मी तो पंधरवड्यातच बघितला. गाव कोकणातलं असलं तरी त्यातला वाडा आपल्या सासवडचा, पुरंदऱ्यांचा. हस्तर हा देवीचा थोरला मुलगा. सोनं घेतलं, धान्याला हात घालायला गेला तर बाकीचे देव तुटून पडले. आईनं वाचवला, पण त्याची पूजा कधी होणार नाही, त्याला सगळे विसरतील, या अटीवर. म्हणून तो भुकेला. कणकेची बाहुली दिसली की झडप घालतो. त्याचं सोनं लुटणारे लोभी आहेत हे सगळे बोलतात, खरंच आहे ते. मला मात्र तिथं एक मूल दिसलं, ज्याचं पान मुद्दाम मांडलं नाही.

म्हणून भीतीचे सिनेमे अभद्र असं मी म्हणत नाही. वाईट बनवलेले असतात ते वेगळं. बाधेची भीती दाखवून कोंबडं, दारू, पैसे उकळणारा देवऋषी मात्र मला अभद्र वाटतो. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घातल्या, त्यानंतर त्याच वर्षी आपल्याकडं जादूटोणाविरोधी कायदा आला. देवऋषाची भीती संपत नाही, संपली तर त्याचा धंदा बसेल. थिएटरातली भीती दोन-अडीच तासांनी दिवे लागले की संपते, आणि आपण शेजारच्या माणसाचं तोंड बघतो. शेजारी माणूस असणं मला महत्त्वाचं वाटतं. रात्री पांघरुणात मोबाइलवर एकटीनं बघू नका, असं मी मुलींना सांगते. उपनिषदातलाही तो एकटा होता म्हणूनच भ्याला होता.

पाडव्यानंतर सुट्टीच्या दिवशी आम्ही अकरा जणी 'भूलभुलैया ३' बघायला गेलो. जिच्या आईनं नाही म्हटलं होतं तीही आली, आईला घेऊन. ओढणी डोळ्यांवर ताणून विणीतून बघायची या मुलींची रीत आहे. कापडाच्या कामातल्या मुली, कुठल्या ओढणीतून किती दिसतं हे त्यांना पक्कं ठाऊक. हसल्या, किंचाळल्या, रिक्षानं पेन्सिल चौकापर्यंत आल्या आणि आपापल्या वाटेनं गेल्या.

'लपाछपी' बघितला त्या वर्षी सर्वपित्रीला आईनं माझ्या माहेरी एक पान जास्तीचं मांडलं. भटजी म्हणाले, हिला तिथी नाही, हिचं होत नाही. आई म्हणाली, "नाही होत तर नाही होऊ द्या, पान असू द्या." कुणी उचललं नाही. संध्याकाळी ती माझा हात धरून बांधावर आली. ऊस वाऱ्यानं वाजत होता, दुसरा कसलाही आवाज नव्हता.

आई गेल्यापासून ते पान माझ्या घरी मांडते. बाकीच्या पानांवर खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी असते. तिच्या पानावर फक्त एक वाटी असते, दुधाची.